अख्खं गाव घेऊन या

कोल्हापुरात एखाद्याला जेवण कसं झालं म्हणून विचारलं आणि तो "बरं झालं" म्हणाला, तर समजायचं की करणारीचं काहीतरी फार मोठं चुकलंय. आमच्याकडं 'लई भारी' म्हणजे चाललं, पोटात गेलं. 'नाद खुळा' म्हणजे खरंच चांगलं होतं. आणि अगदीच अप्रतिम झालं असेल तर माणूस काही बोलतच नाही, मान हलवत ताट पुढं करतो. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. परगावच्या माणसाला मात्र पहिलं वर्षभर वाटत राहतं की या गावात सगळंच जगात भारी आहे, आणि मग रिक्षावाल्यानं "हितंच हाय की, दोन मिन्टं" म्हणून सांगितलेलं ठिकाण चालत शोधताना त्याचे डोळे उघडतात.

मी याच गावात जन्मले आणि वर गणिताची मास्तरीण झाले. राजारामपुरीतल्या एका कोचिंग क्लासमध्ये नववी-दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवते. दिवसभर म्हणायचं की उत्तर दशांश चिन्हापर्यंत बरोबर पाहिजे, आणि घरी आल्यावर ऐकायचं की दारात पन्नास लाख डास झालेत. माझ्या डोक्याचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

आई दिवसातून सहा-सात वेळा मरते. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी मेले, पाणी लवकर गेलं तरी मेले. पण आई परवडली. आमचे पप्पा म्हणजे या विद्येतले वस्ताद. त्यांचं शेतीच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मोटारीत तांब्याची तार भरताना एक वेढा इकडचा तिकडं झाला तर सगळं उसवून पुन्हा भरतील, असा काटेकोर माणूस. पण दुकानाचं शटर खाली ओढलं की त्यांच्या मोजमापाला सुट्टी लागते. थंडी पडली की कळंब्याचा तलाव गोठतो. शेजारच्या गल्लीतला पैलवान एका बैठकीला अख्खं बोकड खातो. मलकापूरकडून येताना पाऊस लागला तर गाडीच्या काचेवर मासं आपटत होतं म्हणतात, आणि मागच्या सीटवर मी बसलेली असते.

लहानपणीच मी आणि आईनं मिळून त्यांचा हिशेब बसवला होता. पप्पांनी माणसं सांगितली तर दहानं भागायचं, अंतर सांगितलं तर चारानं. कुणाचा राग सांगितला तर तो विषयच सोडून द्यायचा, कारण पप्पांच्या गोष्टीत जो तो तलवार घेऊनच उभा असतो. भागाकार करून जे उरतं ते शंभर टक्के खरं असतं, हे मी गणिताची शिक्षिका म्हणून लिहून देते.

याला काही लोक थापा म्हणतात. मला त्याचा संताप येतो. थाप मारणारा समोरच्याला फसवतो. आमच्याकडं समोरचा आधीच सामील असतो. सांगणारा फुगवतो, ऐकणारा मनात सुई घेऊन बसलेला असतो, आणि दोघांनाही मजा येते. पप्पा खरोखर खोटं बोलले ते माझ्या आठवणीत एकदाच. दाढ काढायला डॉक्टरकडं जायचं टाळलं होतं आणि घरी येऊन बारीक आवाजात म्हणाले, "जाऊन आलो." बास, दोनच शब्द. दाढ काढून आले असते तर डॉक्टरनं छातीवर पाय ठेवून ओढली, दवाखान्यात रक्ताचा पूर आला, असं काहीतरी आलं असतं. आईनं तिथल्या तिथं त्यांना पायात चपला घालायला लावून परत पाठवलं.

अशा घरात माझं लग्न ठरवायची वेळ आली आणि स्थळ आलं ते सीमेकडचं. कर्नाटकाला लागून असलेलं खेडं, घरात कानडी, बाहेर मराठी. पण मराठी कशी, तर पुस्तकातली. शाळेत नीट शिकलेली, प्रत्येक शब्दाचा अर्थ पाठ केलेली. मुलगा दूध संघात तपासनीस. म्हणजे म्हशीच्या दुधात फॅट किती हे दिवसभर काढायचं आणि सहा पूर्णांक चार असेल तर साडेसहा लिहायचं नाही, ही त्याची नोकरी.

बघायला आले तेव्हा पाचजण आले होते. आईनं पोहे केले होते. त्यानं दोन घास खाल्ले आणि आईनं विचारल्यावर सरळ सांगितलं की पोहे चांगले आहेत, मीठ थोडं कमी आहे. आमच्या घरात पाहुण्यानं असं कधी म्हटलं नव्हतं. ते गेल्यावर आई आठवडाभर मरत होती. पप्पा म्हणाले, हा माणूस हाय का तराजू. मी मात्र आत जाऊन उरलेले पोहे खाऊन बघितले. मीठ कमीच होतं.

मला तो तिथंच आवडला. का ते नीट सांगता येणार नाही, पण जन्मभर सगळे कपडे दोन साइज मोठे घातल्यावर अचानक अंगाला बसणारा ड्रेस मिळाला तर जसं वाटेल, तसं काहीसं वाटलं. मग फोनवर बोलणं सुरू झालं. मी आपली आमच्या पद्धतीनं म्हणाले की तुमच्या आठवणीनं जीव जायची वेळ आलीय. तो काळजीनं विचारतो, "म्हणजे? तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, अहो तसं नाही, तुम्हाला येते की नाही माझी आठवण? त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "आज दोनदा आली. एकदा सकाळी बस चुकली तेव्हा आणि एकदा जेवताना."

मी फोन आपटला. दोनदा! नुसतं दोनदा! संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते. मग क्लासमध्ये फळ्यावर समीकरण लिहिताना लक्षात आलं की या माणसानं मोजलंय. बस चुकली ते आणि जेवताना ते, दोन्ही वेळा त्याच्या लक्षात आहेत. जन्मात माझी आठवण कुणी मोजून ठेवली नव्हती. फळ्याकडं तोंड करून मी हसत राहिले आणि पोरांना वाटलं, मॅडमचं गणित चुकलं.

सांगायचा मुद्दा, मला हे लग्न व्हायला हवं होतं. हवं होतं म्हणजे हवंच होतं.

आमच्यात अशी रीत आहे की दोन्हीकडून पसंती झाली की मुलीकडचे मुलाकडच्यांना जेवायला बोलावतात आणि त्याच दिवशी चार माणसांसमोर सुपारी फोडतात. सुपारी फुटली की शब्द पक्का. पप्पांनी आमंत्रणाचा फोन केला, तोही स्पीकरवर, म्हणजे आम्हीसुद्धा त्यांचं वक्तृत्व ऐकावं.

"रविवारी या पावणं. अख्खं गाव घिऊन या."

पलीकडं मुलाचे वडील. ते थांबून म्हणाले, "सगळ्यांना?"

पप्पांना चेवच चढला. म्हणाले सगळ्यांना म्हंजे सगळ्यांना, म्हातारीकोतारी, पोरंटोरं, एक माणूस घरात राहिला तर मला राग येईल. पलीकडून पुन्हा शांतपणे विचारणा झाली की नक्की ना. आणि पप्पांनी शेवटचा टोला हाणला, "कुत्रंसुद्धा मागं ठिऊ नका."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आम्ही तिघांनी आमच्या हिशेबानं भागाकार केला. अख्खं गाव म्हणजे आठ माणसं, फार तर नऊ. आईनं बारा जणांचा बेत धरला. त्या फोनवर मुलाच्या वडिलांनी दोनदा विचारलं होतं हे माझ्या कानावर पडलं होतं, पण डोक्यात शिरलं नाही. आमच्याकडं दोनदा विचारणं ही पाहुण्यानं दाखवायची नम्रता असते.

पण खरी चूक माझी. शनिवारी दुपारी त्याचा मेसेज आला. "बाबा म्हणतायत ४६ होतील. चालेल ना?"

तो वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू. मला वाटलं, आला! अखेर हा माणूस आमच्या वळणावर आला! महिनाभर माझ्याशी बोलून बोलून फुगवायला शिकला! माझ्यासाठी, माझ्या भाषेत, त्यानं पहिला विनोद केला! मी कौतुकानं वाहवले आणि उत्तर पाठवलं, "फक्त ४६? शंभर आणा की."

त्याचं उत्तर आलं, "नाही, ४६च."

त्यावर मी हसून लोळायच्या तीन चेहऱ्यांची ओळ पाठवली. मी, गणिताची मास्तरीण. अगं बाई, फुगवलेला आकडा कधी शेहेचाळीस असतो का? पन्नास असतो, शंभर असतो, हजार असतो. फुगवणारा माणूस शून्यावर येऊन थांबतो. शेहेचाळीसवर थांबतो तो फक्त मोजणारा. एवढं साधं मला कळू नये?

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला खाली हॉर्न वाजला. आम्ही राहतो ते दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक हॉल, लिफ्ट नाही. पप्पा ऐटीत गॅलरीत गेले. गेले ते तिथंच उभे राहिले. मी त्यांच्या मागून डोकावले. गल्लीत एक मिनी बस उभी होती आणि तिच्यामागं दोन जीपगाड्या. बसच्या दारातून माणसं उतरत होती. धोतर-टोपी, इरकली लुगडी, कडेवरची बाळं, एक आजोबा काठी टेकत, एक आजी दोघांच्या हातांच्या खुर्चीवर. उतरतायत ते उतरतायतच. सगळ्यात शेवटी मुलाचे वडील उतरले आणि त्यांच्या हातात साखळी होती. साखळीला कुत्रा. आंघोळ घातलेला, गळ्यात तांबडी दोरी बांधलेला.

पप्पा आत आले आणि त्यांनी एक तांब्याभर पाणी उभ्यानंच घटाघटा पिलं.

लोक वर यायला लागले. हॉल भरला, दोन्ही खोल्या भरल्या, जिना भरला. चपलांची रांग तळमजल्यापर्यंत गेली. मी सवयीनं मोजत होते. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, आणि शेहेचाळीसावा तो स्वतः, आजींची पिशवी घेऊन. माझ्याकडं बघून म्हणाला, "शेहेचाळीस." मला त्याक्षणी गॅलरीतून उडी मारावी वाटली.

मुलाचे वडील पप्पांसमोर बसले. हात जोडून माफी मागायला लागले. म्हणाले, गावात एकशे दहा उंबरे आहेत, तुम्ही इतक्या प्रेमानं सगळ्यांना बोलावलंत, पण सुगीचे दिवस आहेत, घरटी एक माणूस काढणंसुद्धा जमलं नाही. एवढेच आलो, राग मानू नका. आणि कुत्र्याकडं हात करून म्हणाले की याला मागं ठेवू नका म्हणाला होतात, म्हणून आणलाय, चावत नाही.

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. माझ्यामागं ओट्यावर बारा माणसांचं मटण होतं. आई, जी मोहरी तडतडली नाही तरी मरते, ती एक शब्द बोलली नाही. तिनं पातेल्याकडं बघितलं, पदर खोचला आणि नुसती उभी राहिली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

पप्पांनी आधी नेहमीचा रस्ता धरला. काय काळजी करू नका पावणं, पाच मिनिटांत पानं मांडतो, आमच्यात पाचशे माणूस अचानक आलं तरी... असं म्हणता म्हणता त्यांची नजर मुलाच्या वडिलांवर गेली. ते पुढं झुकून मन लावून ऐकत होते. पाचशे. पाच मिनिटं. एकेक आकडा आत ठेवून घेत होते. पप्पांनी आयुष्यभर सुई घेऊन बसलेल्या माणसांसमोर भाषणं केली. हा पहिला माणूस, ज्याच्या हातात सुईच नव्हती. पप्पांचा आवाज हळूहळू खाली आला आणि बंद पडला.

मग म्हणाले, "पावणं, जेवाण बारा जणांचं हाय. आमच्यात असं म्हणायची पद्धत हाय, अख्खं गाव घिऊन या. कोण आणत न्हाय. चुकलं माझं."

हॉलमध्ये कुणीतरी हे कानडीत मागच्यांना सांगितलं, मागच्यांनी जिन्यातल्यांना. खाली तळमजल्यापर्यंत आमची फजिती कानडीत उतरत गेलेली मला ऐकू आली. मुलाचे वडील उठले, गॅलरीत गेले आणि खाली ड्रायव्हरला हाक मारून काहीतरी सांगितलं. दोन माणसं बसमधून पाट्या घेऊन वर आली. धुतलेल्या धोतरात बांधलेल्या कडक भाकरी, एवढा थोरला शेंगांच्या चटणीचा डबा, दह्याची दोन मडकी. ते एवढंच म्हणाले की एका घरावर इतक्या माणसांचा भार टाकायचा नसतो, म्हणून आम्ही निघताना भाकरी घेऊनच निघतो.

भाकरीचं झालं, पण मटण? तिथं रविवार धावून आला. कोल्हापुरात रविवारी ज्या घरात तांबडा रस्सा शिजत नाही त्या घरात एकतर उपास असतो नाहीतर भांडण. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातली गर्दी बघून आधीच चौकशीला आल्या होत्या. त्यांनी आपलं पातेलं आणलं. मग समोरच्यांचं आलं, मग वरच्या मजल्यावरून आलं. अर्ध्या तासात बिल्डिंगमधल्या सात घरांचा रविवार आमच्या ओट्यावर होता. एकात लवंग जास्त, एकात खोबरं जास्त, एकाचा रंग बघूनच ठसका लागावा. आईनं सगळे रस्से एका मोठ्या पातेल्यात ओतले, आधणाचं पाणी घातलं आणि ढवळलं. असला रस्सा याआधी कुठं झाला नसेल आणि यापुढं होणार नाही, आणि हे मी न फुगवता सांगतेय. खाली पार्किंगमध्ये गल्लीच्या तालमीतल्या सतरंज्या अंथरल्या आणि शेहेचाळीस माणसं जेवली. कुत्र्यानं हाडं खाल्ली आणि काकूंच्या स्कूटरखाली झोपला. आईनं जीव मुठीत धरून मुलाला विचारलं, रस्सा कसा झालाय. तो म्हणाला, "मीठ बरोबर आहे." आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मला वाटलं, सुटलो. पानसुपारीचं ताट खाली गेलं. मी जिन्याच्या वळणावर, विजेच्या मीटरांच्या शेजारी उभी राहिले, म्हणजे खालचं दिसावं आणि मी दिसू नये. पप्पांनी सुपारी उचलली. तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "थांबा. फोडायच्या आधी एक विचारायचंय."



ते सावकाश, शब्द जुळवत बोलत होते. त्यात राग नव्हता. म्हणाले, तुमच्याकडं अशी बोलायची पद्धत आहे हे आज कळलं. त्याचं काही नाही. पण गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही मुलीविषयी चार गोष्टी सांगितल्या होत्या. त्या आम्ही घरात सगळ्यांना सांगितल्या, गावात सांगितल्या. "त्यातलं किती धरायचं?"

या चार गोष्टी मला माहीतच नव्हत्या. पप्पांनी माझ्या माघारी काय काय सांगून ठेवलंय कुणास ठाऊक. मी मीटरची पेटी घट्ट धरली.

पहिली गोष्ट अशी निघाली की मुलगी उभ्या उभ्या शंभर भाकरी थापते. पप्पांनी मान खाली घातली. म्हणाले, "चार धरा. त्यातली एक फुगती." बायकांच्या बाजूला खसखस पिकली. दुसरी, हिच्या हाताखालची सगळी पोरं गणितात पैकीच्या पैकी मार्क काढतात. पप्पा म्हणाले, पास होतात, पण गेल्या वर्षी दोन राहिली. त्या दोघांचं खापर माझ्यावर फोडायची काय गरज होती? एकानं वर्षभर वही आणली नव्हती! तिसरी गोष्ट, मुलीनं आजवर कधी आवाज चढवलेला नाही. यावर पप्पा तोंड उघडायच्या आधी खालच्या काकूच फिस्सकन हसल्या, आणि मग बिल्डिंगमधले सगळेच हसले, सात घरं हसली. पप्पा म्हणाले, "ते सोडूनच द्या." रागानं माझे कान लाल झाले. खाली जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं, पण सुनावले असते तर ते म्हणालेलं खरंच ठरलं असतं.

मग मला राग राहिला नाही, भीती राहिली. एकेक करत माझ्यातलं सगळंच उतरत चाललं होतं. चार भाकऱ्या, दोन नापास पोरं आणि तोंडाळ स्वभाव. एवढ्यावर कोण सुपारी फोडणार? तो आपल्या वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसला होता आणि जमिनीकडं बघत होता.

"आणि चौथी," त्याचे वडील म्हणाले, "मुलगी लाखात एक आहे, म्हणालात."

मी मनात म्हटलं, झालं. हेही आता दहानं भागतील नाहीतर हजारानं. सगळं खरं सांगायचं ठरवलेला माणूस यात तरी का थांबेल? हे तर सगळ्यांत फुगवलेलं. प्रत्येक बाप प्रत्येक स्थळाला हेच सांगतो. मी मराठी शिकवत असते तर वर्गात हे अतिशयोक्तीचं उदाहरण म्हणून दिलं असतं.

पप्पांनी हातातली सुपारी खाली ताटात ठेवली.

"ते तेवढंच हाय," ते म्हणाले. "त्याला भागायचं न्हाय."

मुलाच्या वडिलांनी त्यांच्या सवयीप्रमाणं पुन्हा विचारलं, "नक्की?"

पप्पांनी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात त्यांना शब्द कमी पडलेला मी पाहिला नव्हता. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यांनी नुसती मान हलवली, आणि हलवतच राहिले. शेहेचाळीस माणसं त्यांच्याकडं बघत होती. मग मुलाच्या वडिलांनी ताटातली सुपारी स्वतः उचलली, पप्पांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवून म्हणाले, "फोडा."

सुपारी फुटल्याचा आवाज मी ऐकला, बघितला नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. खाली एकच गलका झाला. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. तो आजींसाठी पाणी आणायला वर निघाला होता, हातात रिकामा तांब्या. मला बघून थांबला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी पदरानं तोंड पुसलं.

"काही नाही," मी म्हणाले. "जरा डोळ्यात पाणी आलं."

त्यानं माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, मग भिजलेल्या पदराकडं. तांब्या पायरीवर ठेवला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"जरा नाही," तो म्हणाला.